लाल चिंधीचा डबा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामात बिस्किटांच्या खोक्यांवरच्या तारखा पाहत होतो. पौषातली थंडी, सकाळचे साडेदहा झाले असतील. दवाखान्यातून माझी बायको वैशाली एवढंच म्हणाली, "ताई गेल्या... तुम्ही या." मी हातातलं खोकं खाली ठेवलं, पण ठेवतानाही रांग पाहून ठेवलं. तारीख जवळ आलेला माल पुढे, लांबच्या तारखेचा मागे. यवतमाळच्या एका घाऊक दुकानाच्या गोदामात मी बावीस वर्षं हेच करतो आहे. बहीण गेल्याचं कळल्यावरही हात तेच करत राहिले, याची लाज अजून जात नाही. आता महिना उलटून गेला. तिच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट मी लपवून ठेवली होती. ती सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

सुमनताई माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. लग्नानंतर ती दिग्रसला गेली, मूलबाळ झालं नाही, आणि नवरा वारल्यावर तिथल्याच मुलांच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला लागली. तीस वर्षं तिने तिथे रोज दीडशे ताटं वाढली. ती फारशी बोलायची नाही, पण एक गोष्ट मात्र कुणी विचारली नाही तरी सांगायची, "माह्या हातचं खाऊन एक पोरगं आजारी नाई पडलं." तिचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात होतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

त्या स्वयंपाकघरातली तिची एक रीत होती. उरलेला भात ती कधी पातेल्यात दाबून ठेवायची नाही. मोठ्या परातीत पसरून लगेच निववायची आणि मगच झाकून थंड जागी ठेवायची. "गरम भात दाबून ठेवला का आतल्या आत बिघडते," असं ती म्हणायची. आणि जे आधी संपवायचं त्या भांड्याच्या कडीला लाल चिंधी बांधायची. पाळीवर कोणतीही बाई असो, चिंधी दिसली की आधी तेच भांडं उघडायचं. चिंधी असूनही वास घेतल्याशिवाय ती काही वाढायची नाही. झाकण काढायची, क्षणभर डोळे मिटायची, आणि मग एकतर मान हलवायची किंवा भांडं बाजूला सारायची. तिथे वाद नसायचा.

नोकरी संपल्यावर मी तिला यवतमाळला घरी आणलं. ती आली त्याच आठवड्यात मी माझी हुशारी दाखवली. स्वयंपाकघरातले डबे-पुडे काढून तारखा वाचल्या आणि तारीख गेलेलं सगळं बादलीत टाकलं. रवा, शेवया, तिने दिग्रसहून आणलेली बेसनाची दोन न फोडलेली पाकिटं. ताईने बादलीतून एक पाकीट उचललं, फोडलं, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"हे खराब झालं असं कोन म्हनते? कागद?"

"ताई, तारीख गेली आहे त्याची."

"मंग तुया कागदाले नाक हाय का रे, बाबू?"

वैशाली हसली, मीही हसलो. पण बादली मी रिकामी केलीच. खरं तर माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि ठाऊक होतंही. रवा, बेसन, बिस्किटं यांच्या पाकिटावर बहुतेक वेळा 'या तारखेपर्यंत उत्तम' असं लिहिलेलं असतं. त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा कमी होईल, एवढाच त्याचा अर्थ. पाकीट नीट ठेवलेलं असेल, किडा-जाळी, खवट वास नसेल तर तो माल लगेच फेकायचा नसतो. 'या तारखेनंतर वापरू नये' ही गोष्ट वेगळी, ती पाळायचीच. आणि दूध-पनीरवरच्या तारखेला तर एक अट असते, बारीक अक्षरात : थंड ठेवले असल्यासच. ती अट मी रोज शेकडो पाकिटांवर पाहत होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझ्या मुलीचा, ऋतूचा, सातवीचा निकाल लागणार होता. तिला पनीर आवडतं म्हणून मी दुपारीच पाकीट घेतलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकून गोदामात गेलो. माल उतरवून घेण्यात तीन तास गेले. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे डिकीचं झाकण हाताला चटका देतं. घरी आलो तेव्हा पाकीट फुगलं होतं. ताईने ते फोडून नाकाशी नेलं आणि लगेच दूर धरलं.

"आंबूस वास येऊन राह्यला. फेक हे."

"अजून पाच दिवस आहेत तारखेला," मी म्हणालो. डिकीबद्दल बोललो नाही. "तू जुनं बेसन ठेवायला सांगतेस आणि ताजं पनीर फेकतेस!"

तिने पाकीट ओट्यावर ठेवलं. घर माझं होतं, हे तिने मानलं असावं... भाजी मीच वैशालीला करायला सांगितली. वैशालीचा त्या दिवशी उपास होता, त्यामुळे खाल्ली ती ऋतूने आणि मी. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने आदल्या रात्रीचा, फ्रिजमध्ये चिंधी बांधून ठेवलेला भात फोडणीला टाकला. ऋतूने आणि ताईने तो खाल्ला. मी न खाताच गोदामात गेलो.

दुपारी मी गोदामाच्या मोरीत दोनदा ओकलो. त्याच वेळी वैशालीचा फोन आला, ऋतूला उलट्या थांबत नव्हत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? माझ्या सासूबाई त्याच दिवशी आमच्याकडे आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "शिळा भात. रोज शिळंच खाऊ घालतात पोरीले."

"मीबी तोच भात खाल्ला, बाई," ताई हळू म्हणाली.

"तुमचं काय, तुम्हाले सवय हाय!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तो भात खाल्ला नव्हता आणि माझ्याही पोटात मुरडा येत होता. हे एक वाक्य मी बोललो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण मग डिकीचं सांगावं लागलं असतं, मुलीला सलाईन माझ्यामुळे लागलं हे वैशालीसमोर, सासूबाईंसमोर कबूल करावं लागलं असतं. मी औषधाची चिठ्ठी घेतली आणि बाहेर गेलो. दुकानातून ऋतूसाठी साखर-मिठाच्या पावडरच्या पुड्या घेतल्या, त्यातली एक तिथेच नळावर पाण्यात कालवून स्वतः प्यायलो. एक खिशात ठेवली.

ऋतू दोन दिवसांत बरी झाली. ताईने मात्र त्यानंतर गॅस पेटवला नाही. कुणी तिला मनाई केली नव्हती. ती भाजी निवडून द्यायची, ताटं पुसायची, आणि वाढलेलं खायची. वास घेणं बंद झालं. उरलेलं अन्न आम्ही न पाहता फेकू लागलो, बादली रोज भरायची, आणि ती त्या बादलीकडे पाठ करून बसायची. चिंधी तिने फ्रिजच्या दांडीला गाठ मारून ठेवली. "माह्या हातचं खाऊन..." हे वाक्य मी पुन्हा तिच्या तोंडून ऐकलं नाही. किती वेळा सांगायचं ठरवलं. दिवाळीत सांगू, ऋतू मोठी झाली की सांगू... दोन वर्षं गेली.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी तिच्या उशाशी होतो. तिने डोळे उघडले.

"बाबू, तुले बरं वाटलं होतं का मंग?"

"कधी?"

"पोरगी दवाखान्यात होती तवा. तुया सदऱ्याच्या खिशात पावडरची पुडी होती. धुवाले घेतला तवा सापडली."

कपडे धुण्याआधी खिसे तपासायची तिची सवय. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "पुडी घेतली ते बरं केलं." आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या क्षणीही मी काही बोललो नाही. तीन दिवसांनी ती गेली.

तेरवीला वरण-भात बराच उरला. वाढप्याने विचारलं, "भाऊ, फेकू का हे?" सासूबाई म्हणाल्या, फेका, कोन खाते उद्या. मी पातेल्याशी गेलो, झाकण काढलं आणि वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. भात चांगला होता, अजून वाफ होती. वरण पातेल्यासकट शेजाऱ्यांकडे दिलं, त्यांनी ते त्याच जेवणाला संपवलं. भात मी परातीत पसरला, निवल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि दांडीवरची चिंधी सोडवून त्याला बांधली. गाठ सुटता सुटत नव्हती.

सकाळी मी स्वतः तो भात फोडणीला टाकला. वैशाली, सासूबाई आणि ऋतू बसल्या होत्या. मी पहिला घास घेतला आणि मग सगळं सांगितलं. डिकी, मोरी, पुडी. सासूबाई ताटाकडे पाहत राहिल्या. वैशाली उठून आत गेली, तिला राग कशाचा जास्त आला हे तिने अजून सांगितलेलं नाही. ऋतूने फक्त विचारलं, "मग आत्या का नाही बोलली?"

ऋतूने तिच्या ताटातला भात संपवला.

आता रात्री मी चिंधी बांधतो. सकाळी ऋतू आधी तोच डबा उघडते, नाकाशी नेते, आणि मान हलवते किंवा बाजूला सारते. मी वाद घालत नाही. चिंधीवर हळदीचा एक जुना डाग आहे. परवा वैशालीने विचारलं, धुवायला टाकू का. मी नको म्हणालो.