बाबूचा आनंद ओळखताना

बांगड्याचा थवा किनाऱ्याकडे सरकू लागला की पाण्यावर आधी एक काळसर-तांबूस सावली उमटते. आभाळात ढग नसताना पडलेली सावली! ती टिपायला जन्मजात नजर लागते, आणि आमच्या देवबागात ती माझ्या धाकट्या भावाला, बाबूला, होती. तो माडाखालून ओरडायचा, "बांगडो इलो रेऽऽ!" आणि माणसं पुढ्यातली पेज टाकून रापणीचं लांबलचक जाळं होडीत भरायला धावत. त्या हाकेनं छातीत काय हलायचं, ते तुम्हाला कसं सांगू?

काही दिवस असे यायचे, की बाबू आतून पेटल्यासारखा उजळायचा. उजाडायच्या आत जाळी सांधून मोकळा. बोलणं तर असं, की एक वाक्य संपायच्या आत तीन नवी सुरू. शेजारणीला म्हणायचा, "काकी, आज सुरमय तुका नि काटे काकांक!" काकी लटक्या रागानं झाडू उगारायची. नेमके त्याच दिवसांत मासेही भरभरून लागायचे. निदान आम्हाला तेवढंच आठवायचं. गाव म्हणायचा, ह्याच्यावर देवाची मर्जी आहे. अंगात ताप नाही, छातीत कफ नाही. हसणारा माणूस आजारी असेल असं कोणाच्या मनात येणार?

मग एका पावसाळ्यात, सगळ्या होड्या वर ओढून झाकलेल्या असताना, त्यानं आमची लहान होडी एकट्यानं खवळलेल्या दर्यात लोटली. "माका दर्यो काय करतलो?" असं हसत हसत म्हणाला. लाटेनं त्याला परत फेकलं म्हणून माझा भाऊ आज आहे.

त्याला मालवणला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, हे उजळणंच त्याचा आजार. मी त्यांच्याशी भांडलो. शाळा चौथीपर्यंत, पण ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, "हसणं हा रोग असेल तर मला पण द्या थोडा." ते रागावले नाहीत. म्हणाले, झोप उडेल पण थकवा येणार नाही, जिभेला लगाम राहणार नाही, अशक्य असं काही वाटणारच नाही, तेव्हा ओळखा. भांडू लागेपर्यंत थांबू नका, हसत असतो तेव्हाच घेऊन या.

तेव्हापासून बाबू गोळ्या घेतो. वेळेवर जेवतो, निजतो, विचारलं तेवढं बोलतो. आमची ही देवापुढं दिवा लावून म्हणते, बरं झालं. झालंच बरं! मग एकाच घरात, एकाच माजघरात त्याच्यासमोर जेवायला बसून मी त्याचीच वाट का पाहतो? जिवंत, धडधाकट माणसाची आठवण येते, ह्या दुःखाला कोणत्या नावानं हाक मारायची?

परवा फटफटताना तो मला हलवू लागला. "दादा, ऊठ! बांगडो इलो!"

किती वर्षांनी! मी अनवाणी धावलो. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना पाणी नुसतं राखाडी दिसलं. "तुका दिसणा नाय, तू म्हातारो झालंस," तो हसला. मग नवी होडी, तिला काचेचा तळ, पर्यटकांची रांग, सगळ्या देवबागाला जेवण... बोलतच सुटला. मी पाण्याकडून नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"रात्री निजलंस?"

"नीज कित्याक होयी? म्हातारे निजतत."

"नि गोळ्यो?"

"त्यो मी माशांक घातलंय. आता मासे गपगार निजतले!"

मला हसू आलं, खरंच आलं. गप्प राहिलो असतो तर चार दिवस तरी माझा भाऊ मला मिळाला असता. कोणाला कळणार होतं? पण लाट दर वेळी माणूस परत देतेच असं नाही.

"चल," मी म्हटलं, "डॉक्टराकडे जावया."

"तूच माझो वैरी!" तो कडाडला. वाळूवर पाय रोवून उभा राहिला. मी नुसता हात पुढं केला. बऱ्याच वेळानं त्यानं तो धरला. "तू म्हणतंस म्हणान येतंय."

रिक्षात बसल्यावर त्याचं पुन्हा सुरू झालं. रिक्षावाल्याच्या हॉर्नची नक्कल, रस्त्यातल्या प्रत्येक माडाला एक नाव, आमच्या आईच्या लुगड्याचा रंग, जो मी पार विसरून गेलो होतो. त्याचा तापलेला हात माझ्या हातात होता. मालवण काही लांब नाही. मी पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हटलं,

"सावकाश ने रे. घाई नाय."