अस्तरावरचे अंगठे

माझा थोरला भाऊ जुन्या गाड्यांच्या सीटा बांधतो. सीटा, छताचं अस्तर, दारांच्या आतल्या गाद्या, पायाखालचा गालिचा. थोडक्यात, गाडीत बसल्यावर माणसाच्या अंगाला जे लागतं ते सगळं त्याचं. बाहेरून दिसतं ते माझं, कारण मी रंगारी. आमच्या शेडमध्ये गाडी आधी पार सोलली जाते, मग माझ्याकडे येते आणि शेवटी दादाकडे. त्यामुळे शाबासकी कायम त्यालाच. माझा रंग लोक लांबून बघतात आणि त्याच्या सीटवर बसून "वा!" म्हणतात.

दादा मुलखाचा फटकळ. बारीक खिळे ओठांत धरून काम करायची त्याची जुनी सवय. "तोंडात खिळे असतात तेवढा वेळच ते कुणाला टोचत नाहीत," असं वहिनी म्हणते. पण हात मात्र देवाने दिलेले. सीट बांधून झाली की तिच्यावरून तो सावकाश तळवा फिरवतो. चामड्याखाली दोऱ्याचा तुकडा राहिला असला तरी त्याला कळतं. निदान कळायचं.

त्याला साखर आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गोळ्या तो मनाला येईल तेव्हा घ्यायचा. एकदा वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावोजी, हे हल्ली चहाचा पेला सरळ मुठीत धरतात. उकळता असला तरी. परवा रस्त्यात एक चप्पल पडली ती यांना कळलीसुद्धा नाही, तसेच घरी आले. तुम्ही बोला ना."

मी बोललो. व्हायचं तेच झालं.

"डॉक्टरकडे कशाला? हात दाखवून अवलक्षण! तो म्हणणार, काम बंद करा. मग मी काय करू? तुझ्या वहिनीला भाजी निवडून देऊ?"

"दे की. तेवढीच तिला मदत."

दादाने हातोडी आपटली. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. मीही मग तो विषय काढला नाही. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

तेव्हा शेडमध्ये एक लालभडक गाडी होती. एका निवृत्त मुख्याध्यापिकेची, तिच्या वडिलांच्या वेळची. बाईंनी अस्तराला मोतिया कापड निवडलं होतं. "मळेल," दादा म्हणाला होता. "तुम्ही मळवलं नाहीत तर नाही मळणार," बाई म्हणाल्या. दादाला गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

या कामाला क्रम असतो. छताचं अस्तर आधी, त्याच्या कडा दाबून काचा, मग गालिचा, मग सीटा आणि अगदी शेवटी दारांवरचा गोट. एक गोष्ट चुकली तर तिच्यानंतरचं सगळं उपसावं लागतं. अस्तर झालं, काचा बसल्या, गालिचा पडला. सीटा बसवायच्या दिवशी पुढची सीट आम्ही दोघांनी आत घेतली. चारही बोल्ट आधी बोटांनी आटे धरेपर्यंत फिरवायचे आणि मगच पाना लावायचा, ही दादाचीच शिकवण. त्या दिवशी बोल्ट त्याच्या चिमटीत राहीनात. एक पडला, गालिच्यावर चाचपून उचलला, पुन्हा पडला.

"हल्लीचे बोल्टच भिकार," तो म्हणाला.

ते गाडीचे मूळचेच बोल्ट होते. मीच घासून दिले होते. मी हात घातला आणि ते फिरवून दिले. दादाने माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपारी तो एकटाच दारांच्या वरच्या कडेला कापडी गोट ठोकत बसला. संध्याकाळी बाई आल्या. आत बसल्या, सीटवर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी वर बघितलं.

"हे काय हो?"

दाराच्या वर, मोतिया अस्तराच्या कडेने, तांबूस डाग पडले होते. एकापुढे एक. एखाद्याने अंगठा उठवत जावं तसे.

दादा माझ्यावर उखडला. "सतरांदा सांगितलं, रंगाचे हात घेऊन आत यायचं नाही!"

"माझा रंग वाळून पार दगड झालाय," मीही चढलो. "आणि सकाळनंतर मी आत आलोच नाही!"

"मग काय भुताने केलं?"

त्याने चिंधी ओली केली आणि डाग पुसायला लागला. पुसावं तसा डाग पसरत गेला. आधी होता त्याहून लाल झाला. तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघितलं. उजव्या अंगठ्याच्या पेरात एक बारीक खिळा डोक्यापर्यंत रुतला होता आणि त्याच्या कडेने रक्त येत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हसणार कोण?

"दादा, अंगठा बघ."

त्याने हात डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा तो बघत राहिला. मग दातांनी खिळा उपसला. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"कधी लागला रे?" त्याने मला विचारलं.

मला कसं ठाऊक असणार?

बाई गाडीतून उतरल्या. पर्समधला रुमाल काढून त्यांनी स्वतःच त्याच्या अंगठ्याला बांधला. दादा म्हणाला, उद्याच सीटा, काचा काढतो, अस्तर बदलतो. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवल्याशिवाय माझ्या गाडीला हात लावायचा नाही." हे त्यांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं आणि दादाने चक्क मान डोलावली.

दवाखान्यात आत जाण्याआधी त्याने माझा दंड धरला. "तू मध्ये बोलू नकोस. मला हे काम करायचंय. मला दुसरं काही येत नाही रे." इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं असेल तर हे एवढंच.

डॉक्टर साधा माणूस होता. त्याने अंगठा तपासला, चपला काढायला लावल्या, तळपाय बघितले. मग दादाचे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "डोळे मिटा. टोचल्यासारखं वाटलं की हो म्हणा."

दादाने डोळे घट्ट मिटले. डॉक्टर ड्रॉवरमध्ये सुई शोधू लागला.

"हो," दादा म्हणाला.

डॉक्टरने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"हो," दादा पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. आणि थोडं थांबून, "हं, हेही लागलं."