नकाशामागची भिंत

साहेब शाळेत आले की आधी खडू मागायचे. खुर्ची पुढे केली तर तिच्याकडे बघायचेही नाहीत. खडू हातात आला की फळ्यावर मधोमध एक आडवी रेघ ओढायची, रेघेच्या वर एक, दोन, तीन असे आकडे घालायचे आणि आमच्याकडे वळून विचारायचं, "हं पावणं, सांगा की. पयलं काय?"

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको. ते आमच्या भागाचे शिक्षण विस्तार अधिकारी होते, म्हणजे पन्नासेक प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात, आणि मी उचगावच्या पलीकडच्या एका लहान गावात चौथीपर्यंतच्या शाळेचा मुख्याध्यापक. सत्तर सालाच्या मागेपुढची ही हकिगत. आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. साहेब आम्हा सगळ्यांना पावणं म्हणायचे, दोन वर्षं ओळख झाल्यावरही. ज्या शाळेत मी अकरा वर्षं काढली, जिच्या अंगणातली बाभळ मी स्वतः तोडली, तिथे उभं राहून हा माणूस मला पाहुणा म्हणणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा एका गुरुजींनी त्यांना हे तोंडावर विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "साळा पोरांची हाय. आपण बदली हुईस्तवर आल्यालं पावणं. मी बी."

आधीचे साहेब असे नव्हते. तुम्हीही तसे साहेब पाहिले असतील. ते वर्षातून एकदा तपासणीला यायचे. आदल्या दिवशी आम्ही भिंतींना चुना लावायचो, दाराला तोरण बांधायचो, हुशार मुलं पुढच्या रांगेत बसवायचो. साहेब दोन कविता ऐकायचे, जेवायचे, शेरेबुकात 'काम समाधानकारक' असं लिहायचे आणि वेळेत एस्टी पकडायचे. त्यांचंही बरं चाललं होतं, आमचंही.

हे नवे साहेब सायकलवर यायचे. भाकरी फडक्यात बांधून आणायचे आणि शाळेच्या मागच्या लिंबाखाली एकटे बसून खायचे. चहा घ्यायचे नाहीत. पाणी चालायचं. आलेल्या माणसाने चहा नाकारला की आमच्याकडे घरात कुजबुज सुरू होते, इथे तर अख्ख्या गावात व्हायची. सरपंच मला म्हणाले, तुमच्या सायबाला आमच्या गावच्या दुधाचा वास येतोय काय? त्याचं उत्तरही मीच द्यायचं.

त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. भागातल्या सगळ्या शाळांनी मिळून एकच गोष्ट ठरवायची, की पाच वर्षांनी आपल्या मुलांना काय आलं पाहिजे. ती एका वाक्यात लिहायची. मग तिच्यासाठी काय काय सुधारायचं त्याचा क्रम लावायचा. तीन कामं रेघेच्या वर, बाकीची खाली. खालची खोटी नव्हेत, पण मागनं, असं ते म्हणायचे.

त्या एका वाक्यासाठी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पन्नास मुख्याध्यापक, पंखा एक. वाक्यावरच तीन तास गेले. कोणी म्हणालं, राष्ट्राचे आदर्श नागरिक घडवणे. कोणी त्यात चारित्र्यसंपन्न घातलं, कोणी त्याच्याही आधी सुदृढ. मी 'सर्वांगीण' हा शब्द सुचवला आणि तो सर्वांना पसंत पडला. साहेब सगळं फळ्यावर लिहून घेत होते. शेवटी त्यांनी ते सगळं पुसलं आणि लिहिलं: चौथी सुटलेले मूल घरी आलेले पत्र आईला वाचून दाखवील आणि तिच्या सांगण्यावरून उत्तर लिहील.

हॉलमध्ये हशा पिकला. एवढंच? ह्यासाठी आम्हाला रविवारी बोलावलं? साहेब हसू संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, ज्यांच्या शाळेत हे आज होतंय त्यांनी हात वर करा. वीसेक हात पटकन वर गेले. मग ते म्हणाले, उद्यापासनं मी पोस्टकार्डं घेऊन येतो. हात एकेक करून खाली आले. माझाही आला. त्या दिवसापासून मी त्या माणसाला माफ केलं नाही.

पुढे त्यांनी प्रत्येक शाळेला एक छापील फॉर्म धाडला. वर मथळा, 'शाळेतील उणिवा'. खाली तीन रकाने. आता बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटेल. पण आम्ही तपासणीत मुरलेली माणसं होतो. उणीव कागदावर आली की ती शेरेबुकात जाते, तिथून सेवापुस्तकात, आणि मग बढतीच्या वेळी वर येते, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. मागणी अर्जात करावी, गोड शब्दांत. उणीव म्हणून कधीही लिहू नये. तेव्हा फॉर्म परत आले ते सगळे सारखे. पहिल्या रकान्यात 'नाही', दुसऱ्यात 'नाही', तिसऱ्यात 'नाही'. काहींनी खाली 'कृपा असावी' असंही जोडलं होतं.

साहेबांनी ते फॉर्म पुढच्या सभेत एकेक करून वाचून दाखवले. गावाचं नाव, नाही, नाही, नाही. पन्नास वेळा. शेवटी म्हणाले, सगळं झकास हाय म्हणजे, मग मी घरी जाऊन गुरं राखतो. कोणी हसलं नाही. संघटनेचे पुढारी असलेले एक गुरुजी उठले आणि म्हणाले, हा सापळा आहे, कोणीही काही लिहून देऊ नये. टाळ्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या.

माझ्या शाळेत एक भेग होती. चौथीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीत, तुळईखालून तिरकी उतरत आलेली. आधी बोट जाईल एवढी होती, मग मूठ जाईल एवढी झाली. साहेब येणार म्हणून कळलं तसं मी वर्गातला महाराष्ट्राचा मोठा नकाशा काढला आणि त्या भेगेवर टांगला. अगदी मापाचा बसला. तोरण बांधलं, चुना मारला, नेहमीचं सगळं केलं.

साहेब आले, खडू घेतला, रेघ ओढली. "पयलं काय?"

मी म्हटलं, काही नाही साहेब, सगळं ठीक आहे.

ते नकाशापाशी गेले. तो फार उंचावर होता. मुलांना तळाचं कोल्हापूर दिसलं असतं, पण वरचे जिल्हे शोधायला मान मोडावी लागली असती. त्यांनी खालच्या काठीला नुसता हात लावला. चौथीची पोरं श्वास धरून बसली होती, कारण आत काय आहे ते त्यांना माहीत होतं.

"पावणं, ह्यो नकाशा तुम्हीच उचला," ते म्हणाले. "मी उचलला तर ती तपासणी हुईल."

मी म्हटलं, त्यामागं काही नाही.

"बरं," म्हणाले, आणि हात काढून घेतला. फळ्यावरची रेघ स्वतः पुसली आणि भाकरी खायला मागच्या लिंबाखाली गेले. त्यांची सायकल दिसेनाशी झाल्यावर मी मागे गेलो. ते जिथे बसायचे तिथे बसून बघितलं. समोर तीच भिंत होती. बाहेरून भेग तशीच उघडी, वरपासून खालपर्यंत. दोन वर्षं हा माणूस तिच्याकडे तोंड करून जेवत होता. बाहेरच्या बाजूला काही टांगावं हे मला सुचलंच नव्हतं.

लाज वाटायला हवी होती. मला राग आला. माहीत होतं तर लिहून न्यायचं! माणसाला असं पोरांसमोर उभं करून त्याच्याच हाताने उघडं पाडायचं, ही कुठली रीत? आजही मला वाटतं की त्यात त्यांचा हट्ट होता, आणि हट्ट भिंतीशी चालत नाही.

त्याच महिन्यात संघटनेने त्यांच्याविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. उद्धट वर्तन, शिक्षकांचा जाहीर अपमान, अभ्यासक्रमाबाहेरचे उद्योग. मसुदा मी लिहिला. माझं अक्षर भागात नावाजलेलं होतं आणि भाषाही बरी होती. तीसेक सह्या झाल्या. अर्ज वर गेला, वरून खुलाशासाठी साहेबांकडेच आला, आणि वर्ष संपायच्या आत त्यांची बदली दूर चंदगडकडे झाली.

जाण्यापूर्वी त्यांनी शेवटची सभा घेतली. यादी तयार होती. रेघेच्या वर तीन कामं: धोक्याच्या खोल्या आधी दुरुस्त करणे, एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक, आणि ते पत्राचं वाचन. दोन-चार गुरुजींनी तोवर गुपचूप येऊन आपापल्या उणिवा सांगितल्या होत्या, हे तेव्हा कळलं. आम्ही त्यांच्याकडे फितूर असल्यासारखं बघितलं. साहेबांनी विचारलं, अजून कुणाची खोली ऱ्हायली असंल तर आत्ता सांगा. एकही हात वर गेला नाही.

सभा मोडल्यावर ते जिन्यात माझ्यापाशी थांबले. पिशवीतून तो अर्ज काढला, मला दाखवला, परत ठेवला.

"अक्षर लई सुरेख हाय तुमचं," ते म्हणाले. "हे अक्षर मला त्या फॉर्मावर बगायचं हुतं. कायतरी सांगायचं हाय?"

आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. तो नव्हता. एका वाक्याचं काम होतं: साहेब, माझी भिंत पडायला आलीय. मी 'नाही' म्हटलं आणि जिना उतरलो.

चौथीची पोरं मी त्या भिंतीपासून लांब, दाराकडे सरकवून बसवत होतो. एवढी अक्कल मला होती. पुढच्या श्रावणात, एका सोमवारी, सकाळची अर्धी शाळा सोडून मी कुलूप लावलं आणि घरी जेवायला बसलो. तेव्हा धप्प असा आवाज आला. भिंत आतल्या बाजूला कोसळली होती, तुळईसकट, थेट दारापर्यंत. ज्या पट्ट्यांवर पोरं तासाभरापूर्वी बसली होती त्या दगडमातीखाली गेल्या. नकाशाची एक काठी तेवढी वर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी पंचायत समितीत कळवायला गेलो. तिथल्या कारकुनाने दुरुस्तीची यादी काढली. धोक्याच्या खोल्यांची सहा नावं त्या वर्षी मंजूर झाली होती. साहेबांच्या हातचा मूळ कागद खाली जोडलेला होता. त्यात पाचच नावं होती आणि सहावी ओळ कोरी. कारकून म्हणाला, "साहेब जाताना सांगून गेलते. ही जागा एका गुरुजींची हाय, त्ये येतील. सा म्हयनं वाट बघितली आम्ही. कोण आलंच न्हाय, मग दुसरं गाव घातलं."

मग घरी आलो आणि साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. आयुष्यात तसं कधी लिहिलं नव्हतं. अर्ज मी लिहिला हे कबूल केलं, जिन्यात गप्प का राहिलो ते सांगितलं, झोप लागत नाही हेही. आणि तरी तुम्ही नकाशा उचलायला हवा होता, असंही शेवटी लिहिलं, कारण ते मला वाटतच होतं.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं. मला ते वाचायचं धाडस होईना, म्हणून मी ते चौथीतल्या एका मुलीला दिलं आणि वाच म्हटलं. आमच्या सभेतलं ते हास्यास्पद वाक्य तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. मुलीने बोट ठेवून, अडखळत वाचलं. कार्डावर एकच ओळ होती.

"पावणं, पोरं कुठे बसतात?"

चार पानं लिहिली होती मी. त्यात माझा पश्चात्ताप होता, माझा राग होता, माझी झोप होती. पोरं कुठे बसतात, हे कुठेच नव्हतं. पुन्हा तीच आग मस्तकात गेली. एवढ्या लांबून, एका ओळीत या माणसाने मला फळ्यासमोर उभं केलं होतं.

मुलगी कार्ड उलटंपालटं करून बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, आपण देवळात बसतोय की. मंडप गळतोय. लिवू का मी?"

मी तिला कोरं कार्ड दिलं. ती देवळाच्या फरशीवर पालथी पडली आणि पेन्सिलीने लिहायला लागली. आमच्या शाळेची पहिली उणीव कागदावर येत होती. मी काही सांगितलं नाही. खाली माझी सही तेवढी केली.