माझ्या गैरहजेरीत शिकलेली घोडी

गणपतीच्या आधी मी भावाकडे इस्रायलला गेले आणि संक्रांत होऊन गेल्यावर पनवेलला परत आले. त्याचं ऑपरेशन होतं, महिन्याभराचं काम म्हणून गेले होते. ऑपरेशननंतर तो घरी आलाच नाही. मग त्याचं घर आवरण्यात, कागदपत्रांत दिवस गेले. आईवडील इथेच वारले होते, चुलत-मावस भावंडं कधीचीच तिकडे स्थायिक झालेली. माझं म्हणावं असं माणूस आता पनवेलात कुणी राहिलं नव्हतं. आमच्या मशिदीत (आम्ही बेने इस्रायल लोक आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो) प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायलाही आता फोन फिरवावे लागतात.

घर उघडलं, खिडक्या उघडल्या, बॅग तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यांकडे गेले. दुसरं जायचं कुठे?

माझे दोन घोडे उरणच्या वाटेवर, खाडीलगतच्या एका गावात असतात. जागा तिथल्या एका दादांची. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता ते बांधकामांना माती-खडी पुरवतात. जनावरांची हौस म्हणून त्यांनी चार घोड्यांचा तबेला आणि एक वाळूचं रिंगण राखलं आहे. बँकेतल्या नोकरीची सगळी वर्षं मी सुट्टीचा प्रत्येक दिवस तिथे घालवला, आणि निवृत्तीनंतर रोजचीच सकाळ.

मी ड्रेसाज करते. यात उड्या नाहीत, शर्यत नाही. स्वाराच्या अगदी बारीक इशाऱ्यावर घोड्यानं चालायचं, दुडकायचं, तिरकं सरकायचं, थांबायचं. बघणाऱ्याला वाटावं की घोडा आपल्याच मनानं करतोय. माझा म्हातारा घोडा यात मुरलेला. घोडी आठ वर्षांची, हुशार, पण एका जागी उभी राहायची नाही. स्पर्धेत सुरुवातीलाच रिंगणाच्या मधोमध येऊन थांबायचं असतं, चारी पाय सरळ, आणि परीक्षकाला नमस्कार. तेवढा वेळही ती धरायची नाही. डावा मागचा पाय मागे जायचा, मान वर, की निघाली. दोन वर्षं मी त्या एका गोष्टीमागे होते.

जाताना मी घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला वहीत सगळं लिहून दिलं होतं: कोणत्या दिवशी काय, किती वेळ. तो दिवाळीनंतर काम सोडून गेला. दादांनी मला कळवलं नाही. "तुमच्या डोक्याला तिकडं कमी ताप होता काय, ताई?" असं नंतर म्हणाले.

त्या सकाळी फाटकातून आत शिरले तर दादांच्या बायको, आमच्या वहिनी, गाऊनवर ओढणी घेऊन घोडीला दोरानं फिरवत होत्या. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून ती फार खालून जातात, हे मला माहीत नव्हतं. मी दचकून खांब धरला. साध्या डंपरच्या हॉर्ननं उधळणारी माझी घोडी जराही बिचकली नाही. वहिनी थांबल्या, तीही थांबली. चारी पाय सरळ.

"कवा आल्या?" वहिनींनी विचारलं. भावाचं त्यांना कळलं होतं. त्यांनी जवळ येऊन माझा दंड धरला.

"हिला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवलं कोनी नाय. तो गडी गेला, मंग हिला कोन फिरवनार? मी रोज बांधावर नेते. मी थांबले का ती थांबते."

मी खोगीर चढवलं. पहिली पंधरा मिनिटं मला विश्वास बसेना. तिची पाठ मऊ झाली होती, चाल लांब. थांबण्याचा इशारा केला की थांबत होती. दुडकी मात्र गेली होती. डावीकडे वळताना लाकडासारखी ताठ, आणि दोन फेऱ्यांत दम लागला. जे मी दोन वर्षं शिकवलं ते अर्धं पुसलं गेलं होतं, आणि जे मला जमलं नाही ते आलं होतं.

म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावरून नुसता हात फिरवला. पाठीचं मांस उतरून कणा वर आला होता. त्याला दोरावर एकदा दुडकवला आणि खोगीर परत आत ठेवून आले. त्याचं काम संपलं होतं. शेवटचं कधी त्याच्यावर बसले ते आठवेना. जायच्या गडबडीतली एखादी सकाळ असणार.

त्याआधी घोडीवरून उतरले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मान वळवून वहिनी कुठे गेल्या ते शोधत होती. ते मला लागलं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना म्हटलं, "आठवडाभर तुम्ही रिंगणाकडे येऊ नका. तिला पुन्हा माझी सवय व्हायला हवी." कारण पटण्यासारखं होतं, पण खरं नव्हतं. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

तो आठवडा वाईट गेला. घोडी सकाळी घराच्या दिशेला तोंड करून खिंकाळायची. चौथ्या दिवशी डावा पाय पुन्हा मागे जाऊ लागला. मी इशारा कडक केला तशी ती जास्तच अस्वस्थ झाली. सहाव्या दिवशी मी टाच मारली, रागानं. घोड्यावर राग काढणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली होती. मी उतरले, तिला आत बांधलं आणि दादांच्या घरी गेले.

वहिनी ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी शेजारी बसले.

"वहिनी, माझं चुकलं. तुम्ही तिला नक्की काय करत होता, ते सांगा."

त्या हसल्या. "आमाला काय येतंय, ताई? मी बोलत जायचे तिच्यासंगट. पोरगा-सून खारघरला टावरमधी राहायला गेली. हे दिसभर साइटवर. घरात बोलाला कोन हाय? मंग तिलाच सांगायचे, आज भाजी काय केली, सुनेचा फोन आला का नाय. बोलताना मदीच काय आठवलं का मी थांबायचे. ती पन थांबायची."

मी घोड्यावर कधी बोलत नाही. स्पर्धेत तोंडानं आवाज केला तर गुण जातात, म्हणून तरुणपणीच सवय मोडली होती. नंतर ती जमिनीवरही मोडली असावी. भाऊ शेवटी दवाखान्यात होता, तेव्हाही मी त्याच्या उशाशी गप्पच बसायचे. तो म्हणायचा, "काहीतरी सांग की गं." आणि मला सांगण्यासारखं काही सुचायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवून घेतलं. सकाळी वहिनी घोडीला बांधावरून फिरवून आणायच्या, मग मी बसायचे. पंधरा दिवसांत ती पूर्वीसारखी उभी राहू लागली. मार्चमध्ये एका तबेल्यात छोटी स्पर्धा होती, तिथे तिला नेली. दुडकीला गुण कमी पडले. थांबण्यापुढे परीक्षकांनी 'उत्तम' लिहिलं. तिथल्या एकीनं विचारलं, हे कसं साधलं? मी म्हटलं, हे माझं काम नाही, आमच्या वहिनींनी तिच्याशी गप्पा मारून केलंय. त्या बाईला ती थट्टा वाटली.

गुणांचा कागद वहिनींना दाखवला. "पास ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

एप्रिलमध्ये वहिनी नातवाला सांभाळायला खारघरला गेल्या. सूनबाईंची बाळंतपणाची रजा संपली होती. जाताना मी विचारलं, "ही पुन्हा बिघडली तर?"

"तुमी हाव ना," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

आता बांधावर मी तिला घेऊन जाते. उन्हं चढायच्या आत निघावं लागतं. पहिले दोन दिवस तोंडातून शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी भावाच्या घराबद्दल सांगितलं: त्याच्या कपाटात आईची पितळी किसणी निघाली, ती कुणाला द्यावी ते कळेना म्हणून मी तिथेच शेजारणीला देऊन आले. सांगता सांगता मी थांबले. घोडी दोन पावलं पुढे गेली आणि मग थांबली. डावा पाय मागेच होता. मी तो सरळ करायला लावला नाही.