शववाहिकेपुढची मोटरसायकल

आमचा गॅरेजवाला तोंडाचा भलताच फाटका. पण कुणी माजी सैनिक वारला, की हा इस्त्रीचा शर्ट चढवून शववाहिकेपुढे मोटरसायकल घेऊन फुकट हजर! माणसाच्या चालीने गाडी हाकायची, हॉर्न वाजवायचा नाही, हा त्याचा चौदा वर्षांचा नेम.

परवा शेजारचे म्हातारे फौजी गेले. "शेवटची वाट तरी शांततेत जाऊ दे, भावजी," एवढंच त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, गॅरेजवाल्याकडे मागितलं. नेमके त्याच दिवशी सहा नवे हौशे आपापल्या मोटरसायकली घेऊन साथीला आले. काळे चष्मे, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर. भर रस्त्यात त्यांनी शववाहिका थांबवली. का, तर व्हिडिओ नीट आला नाही! एकाने काचेवर टकटक केली. "काकू, जरा रडा ना, परत घेतोय."

मी वहिनींशेजारीच बसलो होतो.

गॅरेजवाला, नवल म्हणजे, एक शिवी हासडेल तर शपथ. हौशे फोटोसाठी दात काढून उभे होते, तेवढ्यात त्याने सहाही गाड्यांच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि आमच्या ड्रायव्हरला म्हणाला, "चला."

"ओ काका, किल्ल्या!"

"ढकलत आणा गॅरेजवर. व्हिडिओ मी काढतो!"

वहिनींनी काच खाली केली. "भावजी, आता सावकाश घ्या. घाई नाही."