मनोरीचं तिवर आणि डांबर लावलेले बांबू

नीलिमाचा फोन आला तेव्हा जायचं नाही असंच माझं ठरलं होतं. मुलुंडहून मनोरी म्हणजे मुंबईची एक कड सोडून दुसरी गाठायची, त्यात जानेवारीची ती करडी, घशात खवखवणारी हवा. पण ती म्हणाली, "सोमवारी टेम्पो येतोय गं. मग जुहूच्या हॉटेलच्या बागेत महागाचा चहा घेत बघशील. त्यापेक्षा आत्ताच ये ना." नीलिमा माझी कॉलेजातली मैत्रीण, घाटकोपरची. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून दोन वर्षं मनोरीत भाड्याच्या खोलीत राहते आणि किनाऱ्यावरच्या कचऱ्यातून शिल्पं करते. जुहूच्या हॉटेलने घेतलेलं शिल्प हे तिचं पहिलं मोठं काम आणि पहिलंच विकलं गेलेलं. शिवाय गेल्या पावसाळ्यात त्याचं सामान गोळा करायला मीही दोन दिवस तिच्याबरोबर वाळूत वाकले होते. नाही म्हणणं जमेना.

शनिवारी सकाळी सातला स्कूटर काढली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पवई, आरेतून गोरेगाव, मग मालाडहून मार्वे रस्ता. नऊनंतर निघालात तर मालाडला वाट लागते. मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची बोट मिळते. माणसाचं तिकीट किरकोळ, दुचाकीचं वेगळं, सुटे पैसे जवळ ठेवा. त्या दिवशी ओहोटी होती. चिखलात तिवरांच्या मुळांना पिशव्या, बाटल्या, चपला अडकलेल्या. बोटीत कुणीच तिकडे पाहत नव्हतं. थोड्या वेळाने मीही पाहायचं सोडलं.

गावात एका कॉटेजच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली. वाळूवर नवी खडी टाकली होती, दिवसाचे पन्नास रुपये. नीलिमा न्यायला आली होती. वजन उतरलेलं, बोटांना सगळीकडे पट्ट्या, पण चेहरा खूश. इतके महिने शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेलं शिल्प आज पहिल्यांदा अंगणात काढलं होतं.

ते तिवराचं झाड होतं, माझ्या दुप्पट उंच. फाटक्या जाळ्यांचं खोड, दुधाच्या पिशव्या कापून केलेली पानं, आणि खाली काळ्या टोकांच्या बांबूंच्या तुकड्यांची मुळं, पारदर्शक रेझिनमध्ये कायमची बसवलेली. मला ते मनापासून आवडलं. आपण नुसतं हळहळतो, हिने काहीतरी करून दाखवलं, असं वाटून थोडा हेवाही वाटला.

"हे काळं बघ," नीलिमा म्हणाली. "समुद्रातलं तेल. कसं चिकटून बसलंय. सगळी कल्पना मला या बांबूंवरूनच सुचली."

दुपारी हिरामावशी डबा घेऊन आल्या. साठीच्या पुढच्या कोळीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. नीलिमाला रोजचं जेवण त्याच देतात. डबा ओट्यावर ठेवून त्या झाडाभोवती एक फेरी मारून आल्या, मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि एका बांबूच्या खाचेतून अंगठा फिरवला.

"ह्ये तेल नाय गो," त्या म्हणाल्या. "डांबर हाय. मीच लावलेला. वाळूत पुरला की बांबू कुजतो ना."

नीलिमाला कळलंच नाही. मला कळलं. बोंबील वाळवायला असे बांबू पुरतात, खाचांमधून दोऱ्या ताणतात आणि बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून त्यावर टांगतात. पावसाळ्यात ते उपटून बाजूला ठेवतात.

"मावशी, पण ते तिकडे पडलेले होते," नीलिमा म्हणाली.

"पडलेले नाय. ठेवलेले."

खरं होतं. ते एकावर एक, टोकाला टोक जुळवून रचलेले होते. कचरा असा रचलेला नसतो. तेव्हा ते मी पाहिलं होतं आणि म्हणाले होते, बरं झालं, उचलायला सोपं. अकरा बांबूंपैकी पाच तर मीच वाहून आणले होते.

"पाऊस संपल्यावर बघितला तर जागेवर नाय. मला वाटला उधाणानं नेले," मावशी शांतपणे सांगत होत्या. "पोरगा बोलला, आई, दर्यानंच सांगितला, आता बस कर. गुडघे गेलेत तुजे. मग वाळवायची जागा दिली कॉटेजवाल्याला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू गाडी लावलीस ना पोरी, तीच."

नीलिमा रडायला लागली. मी सगळं तोडून काढते, म्हणाली. मावशींनी रेझिनवर नख वाजवून पाहिलं. "कापलेस ना? मग काय करू घेऊन? जेवा. कालवण निवतंय."

आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, ताज्या बोंबलाचं कालवण, सुक्याची चटणी. सुके बोंबील बोरिवलीच्या बाजारातून विकत आणलेत, हे मावशींनी कुणी न विचारताच सांगितलं. मनोरीला जाऊन काय खावं असं मला विचाराल, तर हेच सांगेन. संध्याकाळच्या बोटीने परतले. निघताना मी मावशींची माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "तुला काय माहीत." ते जास्त लागलं.

शिल्प ठरल्याप्रमाणे जुहूला गेलं. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. किनारा साफ करायला म्हणून जाणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते, की उचलायच्या आधी गावात कुणालातरी विचारा. सांगताना स्वतःचीच लाज वाटते.

पंधरा दिवसांनी नीलिमाचा फोन आला. तिने नवे बांबू घेतले, स्वतः डांबर लावलं, खाचा पाडल्या आणि मावशींच्या घरी पोचवले. मावशींनी ते त्याच दिवशी दारासमोर पुरून घेतले, दोऱ्याही ताणल्या.

"मग?" मी विचारलं.

"धुणं वाळत घातलंय गं," ती म्हणाली. "नातवाचे शाळेचे शर्ट."