बीपीच्या मशीनवर गॉगल

राग आधी सांगते, त्याचं कारण मागून सांगेन. सुनेसाठी घेतलेला गॉगल एका दुकानदाराने मला खोटा दिला. आणि तो खोटा माल मी स्वतः निवडून, उजेडाला धरून, पारखून, ऐटीत घरी आणला. ह्या दुसऱ्या गोष्टीचा राग जास्त आहे.

सून दापोड्याच्या एका गोदामात कामाला आहे. सकाळच्या शिफ्टला स्कूटीवरून जाते. त्या रस्त्याला कंटेनरमागे कंटेनर, आणि पाण्याचे टँकर तर निम्मं पाणी रस्त्यालाच पाजत जातात. वर ऊन आलं की ओलं डांबर असं चमकतं की डोळे उघडे ठेवावेत की मिटावेत कळत नाही. अशाच एका सकाळी तिला खड्डा दिसला नाही. स्कूटी आडवी. कोपर सोललं. मागच्या ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून मी आज गॉगलबद्दल लिहिते आहे.

संध्याकाळी माझा मुलगा तिला म्हणाला, "दिसत नाही ना? मग सोड नोकरी. घरी बस."

सून कोपराला हळद लावत राहिली. झोंबलं मला. कारण हेच वाक्य ह्याच घरात मी ऐकलं होतं. सासऱ्यांचे चार लूम होते, तयार कापड मी तपासायची. मोठा मुलगा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता बस घरी, तुजं काय काम न्हाय तिथं." मी बसले. वर गावभर सांगत फिरले, की बघा, आमचे लोक मला किती जपतात! एवढी बावळट बाई खाडीच्या ह्या काठाला दुसरी नसेल.

मुलाला म्हटलं, "आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू, मग कोणी कुठे बसायचं ते ठरवू."

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. पाण्यावरून, रस्त्यावरून उसळून येणारी चमक त्रास देते. पोलराइज्ड काचेचा गॉगल घ्या, ती काच तेवढीच चमक अडवते. आणि मला बजावून सांगितलं, "आजी, नुसता काळा बघून घेऊ नका."

मी मान डोलावली. मान डोलवायला मला लहानपणापासून छान जमतं.

बाजारातल्या दुकानदाराने एक राखाडी कार्ड काढलं. साध्या डोळ्यांना त्यावर काही नव्हतं. त्याने तपकिरी काचेचा गॉगल माझ्या नाकावर चढवला आणि कार्डावर चक्क मासा उमटला! "देखो अम्मा, ओरिजिनल!" आमच्या खाडीकाठच्या माणसाला मासा दाखवला की आम्ही पुढचं ऐकत नाही. पण माझ्यातली कापड तपासणारी जागी झाली. काच ट्यूबलाइटला धरली. आरपार उजेड! कापडात एवढा उजेड दिसला तर आम्ही म्हणायचो, वीण पातळ, माल परत. म्हटलं, "ह्यातून तर सगळं दिसतंय. घट्ट दाखव."

त्याने कोळशासारखा काळा गॉगल काढला. "हा पण तोच माल हाय अम्मा, डबल काला." वजनाला भारी, ट्यूबलाइट जवळजवळ गुल. घेतला. ह्याच्यावर मासा उमटतो का, हे बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

खरं तर ही माझी जुनीच खोड. लग्नानंतर वज्रेश्वरीच्या जत्रेत मी असाच सगळ्यात काळा गॉगल पारखून घेतला होता. तो लावून देवळाच्या पायऱ्या उतरले आणि वाटेतल्या म्हशीला म्हणाले, "जरा सरका हो काकू." ती सरकलीही. चूक म्हशीच्या लक्षात आली असेल, माझ्या यायला चाळीस वर्षं लागली.

दोन दिवसांनी सून म्हणाली, "आई, राग मानू नका. रस्ता अंधारा झाला, पण चमक तशीच आहे. आता तर खड्डाही दिसत नाही, सावलीही दिसत नाही."

म्हणजे मीच तिला डोळ्यांवर पट्टी बांधून ट्रकांपुढे पाठवत होते.

कॉलेजात जाणारी नात म्हणाली, "आजी, तुझं बीपीचं मशीन आण."

"माझं बीपी कशाला? ते वाढलेलंच आहे."

"मशीन आण गं!" तिने मशीन चालू केलं, गॉगल आकड्यांसमोर धरला आणि घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरवला. "काच खरी असेल तर कुठल्यातरी कोनात हे आकडे काळे होऊन गडप होतात. बघ, होतात का?" पूर्ण वेढा झाला. आकडे अंधूक दिसत होते, पण ढिम्म हलले नाहीत. गॉगलच्या नावाखाली मी काळं प्लास्टिक आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून दुकानात गेले. काउंटरवर ठेवलं.

"अम्मा, ये क्या लाई? तबियत खराब हाय का?"

"माझी नाही, तुझ्या मालाची. आता तपासते." मशीन चालू करून काळा गॉगल आकड्यांसमोर फिरवला, आकडे तसेच. मग तो तपकिरी. पाव वेढा झाला आणि आकड्यांची पट्टी काळीठिक्कर! दोन गिऱ्हाइकं पुढे सरकली. एकीने स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून माझ्या हातात दिला, "माझा पण बघा ना, मावशी."

दुकानदार कुजबुजला, "तुम्हीच काला मागितला ना? सगळे कालाच मागतात."

"मागितला. मी मूर्ख म्हणून. तू 'तोच माल' म्हणालास, तू कोण म्हणून? माझी सून ट्रकांच्या पुढे स्कूटी चालवते रे ह्याच्या भरवशावर!" त्याने तपकिरी बदलून दिला. पिशवीत टाकण्याआधी तोच गॉगल मी पुन्हा मशीनवर फिरवला, त्याच्या डोळ्यांत बघत.

सकाळी सुनेच्या मागे बसून नाक्यापर्यंत गेले. टँकर नुकताच गेला होता. तिने गाडी हळू केली, खड्ड्याला वळसा घातला. "दिसला, आई. पाण्याखालचा काठसुद्धा दिसला."

रविवारी मुलाने सहज म्हणून तो गॉगल लावला आणि बाइकवर जाऊन आला. तोही कामाला त्याच रस्त्याने जातो. "आई, भारी आहे गं! मला पण सकाळी काहीच दिसत नाही तिथे. माझ्यासाठी एक आण ना."

"तुला दिसत नाही?" मी म्हटलं. "मग सोड नोकरी. घरी बस."

तो हसायला गेला, पण मी हसत नव्हते. सुनेने त्याच्या नाकावरून गॉगल उतरवला, पदराने पुसला आणि डबीत ठेवला. सोमवारी तिची सकाळची शिफ्ट होती.